काठावर काय दिसलं, ताटात काय आलं: अनुभव लिहा

नदी-तळ्याकाठी पक्षी-प्राणी बघणारे आणि तिथलीच मासळी आवडीनं खाणारे, दोघांसाठी हा धागा. काय दिसलं, कुठला मासा खाल्ला, कुठला सोडून दिला आणि का? सुरुवात मी करते.

खंड्या बोटाएवढा मासा फांदीवर आपटतो, मग डोक्याकडून गिळतो. तासभर तेच बघत होते, तेवढ्यात काकांच्या गळाला हातभर लांब शिकारी मासा लागला. ताई तेव्हा गरोदर. काकांनी तो अलगद परत सोडला. पाण्यात पारा असला तर तो लहान माशांतून मोठ्यात जातो, वर्षानुवर्षं मांसात साठतो. चरबी काढा, कितीही शिजवा, तो जात नाही. तेव्हापासून आमच्याकडे लहान मासळीलाच मान.

*

आमच्या तळ्यावर एका उन्हाळ्यात हिरवा रंग ओतल्यासारखी साय आली होती. बाबांनी वास घेतला आणि गळ गुंडाळला. कुत्र्यालाही पाण्याशी जाऊ दिलं नाही. अशा शेवाळाचं विष उकळूनही टिकतं आणि माशाच्या यकृतात, आतड्यांत जास्त साठतं. सकाळभर चतुर बघत बसलो. शेपटीचं टोक पाण्याला टेकवत अंडी घालणारी मादी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

*

आतड्यांवरून आठवलं. आत्या मासा साफ करायची तेव्हा पित्ताची पिशवी फुटू नये म्हणून श्वास रोखायची. मला वाटायचं, कडू होतं म्हणून. पण कार्प जातीच्या माशांचं पित्त औषध म्हणून गिळलेल्यांची मूत्रपिंडं निकामी झाली आहेत. ते शिजवलं तरी विषारीच राहतं. कृपा करून कुणी हा उपाय करू नका.

*

मी लिंबू पिळलेला कच्चा मासा खाल्ला होता. आंबटानं मांस पांढरं पडतं, शिजल्यासारखं दिसतं. पुढे पोटातून पट्टकृमी निघाला! लिंबानं कृमी मरतीलच असं नाही, हे डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं. आता आतपर्यंत ६३ अंश सेल्सिअस, म्हणजे मांस दुधी होऊन काट्यापासून सहज सुटेपर्यंत शिजवतो. कच्चाच खायचा असेल तर उणे २० अंशांत ७ दिवस गोठवलेला हवा. घरातले बरेच फ्रीज तेवढे गार होत नाहीत.

*

खाण्याचं सगळं आलंय, मी तंगुसाबद्दल, म्हणजे गळाच्या नायलॉन दोऱ्याबद्दल लिहिते. पाणकावळ्याच्या पंखाला आणि पायाला तुटका तंगूस आवळला होता. भावानं डोक्यावर टॉवेल टाकून त्याला धरलं, मी नखं कापायच्या कात्रीनं एकेक वेढा कापला. सुटल्यावर तो लगेच उडाला नाही. खडकावर बसून दोन्ही पंख पसरले आणि बराच वेळ ऊन घेतलं. आम्ही तोवर काठावरचा तंगूस वेचत राहिलो. दोन मुठी निघाला.