जुने शॉपस्मिथ १० ईआर: अमेरिकन मोटार ठेवावी की बदलावी?

गिरगावचा_रंधा:

नमस्कार मंडळी. दारुखान्यातील एका जुन्या यंत्रांच्या व्यापाऱ्याकडून मी नुकतेच शॉपस्मिथ १० ईआर हे बहुउपयोगी सुतारकाम यंत्र घेतले. ज्यांनी ते पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दोन समांतर पोलादी नळ्यांवर हेडस्टॉक मागेपुढे सरकतो आणि त्याच्या एकाच स्पिंडलवर, म्हणजे फिरणाऱ्या दांड्यावर, चकती करवत, सँडिंग डिस्क, ड्रिल चक किंवा लेथचे काटे आलटूनपालटून बसवता येतात. नळ्या उभ्या केल्या की तेच यंत्र ड्रिल प्रेस होते. हान्स गोल्डश्मिट यांच्या कल्पनेतून उतरलेली ही यंत्रे अमेरिकेत १९४७ पासून विकली जाऊ लागली आणि पुढे १९५० च्या दशकात मार्क फाइव्ह या नमुन्याने त्यांची जागा घेतली. माझ्या खोलीत पाच निरनिराळी यंत्रे मावणार नाहीत, त्यामुळे हे एकच नीट उभे राहावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

नळ्यांवर गंज चढला आहे, क्विल (स्पिंडल पुढेमागे नेणारी नळी) अर्ध्यावर अडकते, आणि सोबतच्या खोक्यात करवतीचा आर्बर (पाते बसवण्याचा दांडा), मोठी सँडिंग डिस्क, टेलस्टॉक (लेथवर लाकडाचे दुसरे टोक धरणारा भाग) व जिगसॉ आहे. मागे टांगलेल्या मोटारीच्या पाटीवर अर्धा अश्वशक्ती, ११५ व्होल्ट, ६० सायकल, १७२५ फेरे असे लिहिले आहे. ट्रान्सफॉर्मर लावला की मोटार चालेल, असे व्यापाऱ्याचे म्हणणे आहे. ते कितपत बरोबर आहे? आणि कामाला सुरुवात नेमकी कुठून करावी?

विद्युत_परळ:

ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज कमी करतो, वारंवारता (सेकंदाला किती सायकल) बदलत नाही. मुंबईतली वीज ५० सायकलची आहे आणि आपली मोटार ६० साठी गुंडाळलेली आहे, हा यातला खरा अडसर आहे. वारंवारता कमी झाली आणि व्होल्टेज तेवढेच राहिले, तर मोटारीच्या लोखंडातील चुंबकीय प्रवाह सुमारे २० टक्क्यांनी वाढतो, लोखंड संपृक्त होऊ लागते, मोटार भाराशिवायही जास्त प्रवाह ओढते आणि तापते. ११५ ऐवजी सुमारे ९६ व्होल्ट दिले तर हे प्रमाण पुन्हा जुळते, परंतु ताकद त्याच प्रमाणात घटते, आणि मुळात अर्ध्या अश्वशक्तीच्या मोटारीला करवतीच्या कामात ती घट परवडणारी नाही. शिवाय वेग १७२५ वरून साधारण १४४० वर येतो, तो वेगळाच. काही अमेरिकन मोटारींची जोडणी बदलून त्या २३० व्होल्टवर चालवता येतात. त्यानेही वारंवारतेचा प्रश्न सुटत नाही.

१० ईआरची मोटार बाहेर असते आणि पट्ट्याने स्पिंडल फिरवते, ही आपल्या दृष्टीने फार सोयीची गोष्ट आहे. मार्क फाइव्हमध्ये मोटार हेडस्टॉकच्या पोटात असते, तिथे हा बदल अवघड झाला असता. मूळ मोटार पाटीसकट जपून ठेवावी आणि लोहार चाळीतून एक अश्वशक्तीची, चार पोलची, १४४० फेऱ्यांची सिंगल फेज मोटार आणावी. तिचा शाफ्ट बहुधा १९ मिलिमीटरचा मिळेल. आपली पुली ५/८ इंची, म्हणजे १५.८७५ मिलिमीटर भोकाची असेल, तर जुनी पुली वाढवून खराब करू नये. १९ मिलिमीटर भोकाची व चावीच्या खाचेची नवी पुली कातून घ्यावी. मूळ वेग हवा असल्यास तिच्या पायऱ्यांचा व्यास सुमारे २० टक्क्यांनी मोठा ठेवावा आणि पट्टा त्यानुसार निवडावा. ज्या पायरीवर पूर्वी स्पिंडल ३४५० फेरे घेत असे, तिथे जुन्याच मापाच्या पुलीवर सुमारे २८८० मिळतील. लेथकामाला हा फरक जाणवणारही नाही, मात्र करवतीचा काप थोडा खरखरीत येईल.

खर्चाची तयारी असेल तर थ्री फेज मोटार आणि सिंगल फेजवर चालणारा व्हीएफडी (विजेची वारंवारता बदलून मोटारीचा वेग बदलणारे साधन) हा सर्वांत समाधानकारक मार्ग आहे, कारण त्यातून ६० सायकलसुद्धा देता येतात आणि वेग हवा तसा बदलता येतो. मात्र मोटार घेताना तिची सहाही टोके बाहेर काढलेली आहेत आणि पाटीवर २३० व्होल्ट डेल्टा असे लिहिले आहे (डेल्टा व स्टार या मोटारीच्या गुंडाळ्या जोडण्याच्या दोन पद्धती), हे पाहूनच पैसे द्यावेत. नुसती ४१५ व्होल्ट स्टारची तीन टोकांची मोटार अशा व्हीएफडीवर पूर्ण ताकद देणार नाही.

कोणतीही मोटार लावा, दोन तारांची जुनी केबल काढून अर्थिंगची तीन तारांची केबल टाका आणि वीज जाऊन परत आली तरी यंत्र आपोआप सुरू होणार नाही असा नो-व्होल्ट स्टार्टर बसवा. जोडलेल्या पात्यासमोर हात असताना वीज परत येणे ही कल्पनाही भयंकर आहे.

लालबाग_लेथ:

मोटारीचे उत्तर वर पूर्ण मिळाले आहे, तेव्हा मी यांत्रिक बाजूवर लिहितो.

सुरुवात नळ्यांपासून करा. हेडस्टॉक आणि टेबल याच नळ्यांवर सरकतात, त्यामुळे त्यांची गोलाई बिघडली की यंत्राची अचूकता कायमची जाते. ग्राइंडर किंवा जाड एमरी अजिबात लावू नये. रॉकेलमध्ये भिजवलेल्या बारीक स्टील वूलने नळीच्या लांबीच्या दिशेने न घासता तिच्याभोवती फिरवत गंज काढावा. खड्डे राहिले तर राहू द्यावेत; खड्ड्यांनी बिघडत नाही, उंचवट्यांनी बिघडते. मग दोन्ही टोकांना आणि मध्ये व्हर्नियरने नळ्यांमधील अंतर मोजावे. शेवटी तेल न लावता घट्ट मेणाचा पातळ हात द्यावा, कारण तेलावर भुसा बसतो आणि पावसाळ्यात तोच भुसा ओल धरून खाली पुन्हा गंज आणतो. मेण सिलिकॉन नसलेले घ्यावे, नाहीतर लाकडावर नंतर पॉलिश धरत नाही.

क्विल अडकली आहे म्हणून हातोड्याने ठोकू नका. तिला परत ओढणारी गुंडाळीची स्प्रिंग ताणलेली असते आणि झाकण एकदम सोडले तर ती उसळून हात फाडते. आधी ताण हळूहळू उतरवावा, मग क्विल बाहेर काढावी. बहुतेक वेळा आत सुकून डिंकासारखे झालेले जुने ग्रीसच निघते. बेअरिंगच्या कड्यावर क्रमांक कोरलेला असतो; तो नागदेवी स्ट्रीटवर दाखवला की जोड मिळते. दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेलेच मागावे, सुतारकामात उघडे बेअरिंग टिकत नाही.

स्क्रूंबाबत विशेष काळजी घ्यावी. या यंत्राचे आटे अमेरिकन यूएनसी मापाचे आहेत. आपल्याकडील जुना ब्रिटिश बीएसडब्ल्यू मापाचा स्क्रू पाव इंच किंवा ५/१६ इंच मापात सहज आत जातो, कारण दोन्हींचे इंचामागील आटे सारखेच आहेत, अनुक्रमे २० आणि १८. पण आट्याचा कोन एकात ६० अंश तर दुसऱ्यात ५५ अंश असतो, त्यामुळे पकड अर्धवट बसते आणि हेडस्टॉकचे आटे हळूहळू झिजतात. अर्धा इंच मापात तर १३ आणि १२ असा फरक असल्याने जोर लावताच आटे मोडतात. दुकानदार "बसतो साहेब" म्हणाला तरी आटामापक लावून पाहावे.

रंग खरवडायचाच असेल तर कोरडा घासू नका. त्या काळच्या रंगांत शिसे असण्याची शक्यता मोठी आहे. माझ्या मते मूळ रंग जेवढा आहे तेवढा ठेवून नुसते धुणेच योग्य.

गिरगावचा_रंधा:

दोघांचेही मनःपूर्वक आभार. व्हीएफडीची चौकशी करतो. जोडण्यांविषयी एक शंका राहिली आहे: करवतीचा आर्बर ५/८ इंची आहे आणि इथे मिळणाऱ्या पात्यांचे भोक मोठे असते. बुश (भोक लहान करणारे कडे) घालून चालेल का?

लालबाग_लेथ:

चालेल, पण बुशची जाडी पात्याच्या पत्र्यापेक्षा किंचित कमी हवी. ती जास्त झाली तर फ्लँज (पाते दाबून धरणारी चकती) बुशलाच दाबतो, पाते सैल राहते आणि भार येताच घसरते. २५.४ मिलिमीटर भोकाचे पाते आणि नीट कातलेला पोलादी बुश घ्यावा. पात्याचे भोक कानशीने कधीही वाढवू नये, कारण ते केंद्रातून सरकते.

जोडणी बसवताना तिचा ग्रब स्क्रू (डोके नसलेला छोटा स्क्रू) स्पिंडलवरील खाचेतच येतो, याची दर वेळी खात्री करावी. तो गोल भागावर आवळला की शाफ्टवर कंगोरा उठतो आणि पुढची जोडणी निघता निघत नाही. आपल्या स्पिंडलवर असे कंगोरे असतील तर फक्त तेवढेच बारीक तेलदगडाने उतरवावेत.

करवतीला आज गार्ड नसेल, तर तो आणि पात्यामागची फाळ (कापलेले लाकूड पात्यावर मिटू न देणारी पट्टी) होईपर्यंत करवत जोडूच नका. तोवर सँडिंग डिस्क आणि लेथवर काम सुरू करता येईल. आणि यंत्र उभे करून ड्रिल प्रेस करताना पायथ्याकडची कुलपे आवळल्याशिवाय हेडस्टॉकची पकड सैल करू नये. इतका जड भाग नळ्यांवरून थेट खाली येतो.