यूयूडीकोडला मराठीत काय म्हणाल?

एका जुन्या लेखाचं मराठी करतोय, १९८०-९० च्या काळातल्या युजनेटवरचा (इंटरनेटवरच्या जुन्या चर्चा-गटांचं जाळं) आहे. त्यात सारखं येतं की फोटो किंवा प्रोग्राम मेसेजमधून टेक्स्ट म्हणून यायचा आणि मग तो यूयूडीकोड करायचा. मी आधी 'कूट उकलणे' लिहिलं, पण वाचताना वाटतं कुणीतरी हेरगिरी करतंय. 'विसंकेतन' लिहिलं तर मलाच झोप येते. बोलण्यातला काही शब्द आहे का?

*

कूट नकोच. कूट म्हणजे दुसऱ्याला कळू नये म्हणून केलेलं, इथे लपवायचं काहीच नव्हतं, उलट वरतीच 'बिगिन ६४४' आणि पुढे फाइलचं नाव असं उघड लिहिलेलं असायचं (६४४ म्हणजे युनिक्सच्या परवानग्या, मालकाने वाचायचं-लिहायचं, बाकीच्यांनी नुसतं वाचायचं). अडचण वेगळी होती. मेल आणि न्यूजचा (म्हणजे युजनेटचा) सगळा रस्ता साध्या इंग्रजी टेक्स्टसाठी बांधलेला, ७ बिटांचा, आणि फाइलमधला बाइट ८ बिटांचा, त्यामुळे तशीच पाठवली की वाटेत कुठेतरी आठवा बिट उडायचा नाहीतर एखादा बाइट मधल्या मशीनला आज्ञाच वाटायचा. म्हणून १९८० मध्ये बर्कलीला मेरी अॅन हॉर्टन यांनी यूयूएनकोड हा फाइलचं टेक्स्ट करणारा प्रोग्राम लिहिला, यूयूडीकोड म्हणजे त्याच्या उलट. यूयू म्हणजे युनिक्स टू युनिक्स, यूयूसीपी (एका युनिक्स मशीनवरून दुसऱ्यावर फाइल नेणारा प्रोग्राम) यातलंच.

करायचं काय तर ३ बाइट घ्यायचे, म्हणजे २४ बिट, त्यांचे ६-६ चे ४ तुकडे पाडायचे, प्रत्येकात ३२ मिळवायचे की आस्की या अक्षरांच्या क्रमांक-सारणीतलं छापता येणारं अक्षर मिळतं. एका ओळीत ४५ बाइट, त्यांची ६० अक्षरं, आणि ओळीच्या सुरुवातीला त्या ओळीत किती बाइट आहेत ते सांगणारं एक अक्षर. ४५ अधिक ३२ म्हणजे ७७, आणि त्या सारणीत ७७ म्हणजे इंग्रजी एम. म्हणून त्या मेसेजमध्ये शेवटची ओळ सोडून सगळ्या ओळी एमने सुरू होतात, लांबूनच ओळखू यायचं.

*

वरच्याला +१. जिन्यातून पलंग वर जात नाही म्हणून आपण तो सुटा करून नेतो आणि खोलीत परत जोडतो, तसलं आहे हे. मी 'फाइल परत जुळवणे' लिहीन.

*

जुळवणे म्हटलं की घोळ होईल, कारण जुळवणं खरंच वेगळं होतं! काही ठिकाणी ६४ केबीच्या वरचा मेसेज कापला जायचा, त्यात हे एनकोडिंग फाइल सव्वा पटीच्या वर फुगवतं, म्हणून मोठी फाइल 'भाग १/७' अशी तुकड्यांत यायची. सगळे भाग सेव्ह करा, क्रमाने लावा, प्रत्येकाचे हेडर हाताने खोडा, ही झाली जुळवाजुळव. डीकोड त्यानंतर, आणि चौथा भाग आलाच नसेल तर बसा, ग्रुपवर 'कृपया भाग ४ परत टाका' लिहायचं.

आमच्याकडे ऑगस्ट १९९५ मध्ये विदेश संचारचं (व्हीएसएनएल) इंटरनेट आल्यावर शेल अकाउंट असायचं, नुसता टेक्स्टचा काळा स्क्रीन, आणि परदेशातल्या भाच्याचा फोटो त्यात एम-एमच्या ओळी होऊन यायचा. तो झेडमोडेमने (फोनलाइनवरून फाइल उतरवायची पद्धत) घरच्या पीसीवर उतरवायचा आणि मग डॉसमध्ये डीकोड. तेव्हा आम्ही सरळ 'सोडवणे' म्हणायचो, "मामा फोटो सोडवलात का" असं विचारायचे.

*

सोडवणे झकास आहे, गाठ सोडवतो, गणित सोडवतो, त्यात गुपित असावंच लागत नाही.

कूट हवंच असेल तर ते रॉट१३ साठी ठेवा. युजनेटवर आचरट विनोद असला की प्रत्येक अक्षर १३ घरं पुढे सरकवून टाकायचे, ज्याला वाचायचाय त्याने उलटवून वाचावा. तेही लुटुपुटीचंच म्हणा.

*

एक भर. यूयूएनकोडमध्ये शून्याचा व्हायचा स्पेस, आणि ओळीच्या शेवटचे स्पेस खाऊन टाकणारी मशीन्स कमी नव्हती. म्हणून पुढे स्पेसऐवजी उलटं एकेरी अवतरणचिन्ह, ते बॅकटिक, वापरायला लागले. बिटनेट या विद्यापीठांच्या जाळ्यावरच्या आयबीएम मशीन्सची अक्षरसारणीच वेगळी, तिथून जाताना काही चिन्हं बदलून जायची आणि मग फाइल सुटायचीच नाही. १९९२ मध्ये बोरेनस्टाइन आणि फ्रीड यांचं माइम (मेलमधून फाइल पाठवायचं प्रमाण) आलं, त्यातल्या बेस६४ ने फक्त अक्षरं, आकडे, अधिक आणि तिरकी रेघ (शेवटी भरीला बरोबरचं चिन्ह) एवढंच घेतलं, कुठूनही सुखरूप जाईल असं. आजचे मेलचे अटॅचमेंट बहुतेक तसेच जातात, फक्त सोडवायचं काम मेलचा प्रोग्राम गुपचूप करतो.

*

आणि त्या गुपचूपमुळेच गंमत झाली होती. आउटलुक एक्सप्रेस या मायक्रोसॉफ्टच्या मेल प्रोग्रामला साध्या मेलमध्ये 'बिगिन' आणि दोन स्पेस अशी ओळ दिसली की ते पुढचा सगळा मजकूर अटॅचमेंट समजायचं. मायक्रोसॉफ्टचा उपाय काय, तर त्या शब्दाने ओळ सुरू करू नका, दुसरा प्रतिशब्द वापरा :)

*

धन्यवाद मंडळी. पहिल्यांदा येईल तिथे 'यूयूडीकोड करून फाइल सोडवणे' आणि पुढे नुसतं 'सोडवणे' लिहितो. भागांसाठी 'जुळवणे'. आता लेखात पुढे बिनहेक्स आलंय, ते मॅकवाल्यांचं असंच एनकोडिंग, त्याला वेगळं काही नको ना?

*

नको, तेही सोडवायचंच.