वर्षानुवर्षं उभी असलेली बंद गाडी घ्यावी का? तुमचे अनुभव सांगा

नागपुरात प्रतापनगरला आमच्या शेजारच्या घराच्या पोर्चमध्ये एक पांढरी मारुती ८०० बारा वर्षांपासून उभी आहे. १९९७ ची, एमएच ३१. काका गेले आणि त्यानंतर ती कुणी हलवलीच नाही. मी कॉलेजात असताना काकांनी मला याच गाडीवर शिकवलं होतं. सकाळी साडेपाचला व्हीएनआयटी कॉलेजकडच्या रस्त्यावर घेऊन जायचे. "क्लचवरून पाय असा काढ, की खाली झोपलेलं लेकरू उठायला नको," म्हणायचे.

आता काकू कायमच्या मुलाकडे पुण्याला निघाल्या आहेत. भंगारवाला अठरा हजार देतो म्हणाला. काकू मला म्हणाल्या, "तू घेत असशील तर वीस दे. मला ती कापलेली पाहवणार नाही."

जीव अडकलाय, हे मी लपवत नाही. पण घरात दोन मुलांच्या फिया आहेत आणि सहा महिन्यांनी डोक्याला हात लावून बसायची वेळ यायला नको. गाडी चालू होत नाही, त्यामुळे चालवून पाहायचा प्रश्नच नाही. अशा वेळी कशावरून ठरवायचं? ज्यांनी घेतली, ज्यांनी सोडली, ज्यांनी विकली, सगळ्यांनी लिहा. पैसे कुठे गेले, तेही मोकळेपणानं सांगा.

कामठी रोड, गॅरेज

ताई, मी बत्तीस वर्षांपासून गॅरेज चालवून राहिलो. अशा पन्नासेक गाड्या तरी माझ्या हातून उठल्या असतील. पहिलं सांगतो, कोणी बॅटरी आणून सेल मारतो म्हणाला तर मारू देऊ नका. दहा-बारा वर्षं उभ्या गाडीत सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल उतरून जाते अन् रिंगा जागेवर गंजतात. तशात सेल मारला तर रिंग तुटते, बोअरला ओरखडे पडतात. जे काम हजार-दोन हजारात झालं असतं, ते मंग हाफ इंजिनवर, म्हणजे इंजिन खोलून पिस्टन-रिंगा बदलायच्या कामावर जाते.

आधी डिपस्टिक काढून पाहा. ऑइल काळं असलं तरी चालते, दुधाळ असलं तर आत पाणी गेलं समजा. रेडिएटरचं झाकण उघडा. कूलंटऐवजी नळाचं पाणी टाकत असतील तर आत लाल गाळ दिसंल. मंग स्पार्क प्लग काढा, तुमच्या गाडीला तीनच आहेत. एकेका भोकात दोन-दोन चमचे इंजिन ऑइल सोडा अन् आठ दिवस गाडीला हात लावू नका. आठ दिवसांनी क्रँकच्या पुलीच्या नटाला गोटी पाना लावून, इंजिन ज्या बाजूला फिरते त्याच बाजूला हळू जोर द्या. लटकू नका पान्याला. फिरली तर निम्मं काम झालं. नाहीच फिरली तर अजून ऑइल, अजून आठ दिवस. तरी नाही, तर हेड उतरवावंच लागते, मंग भाव त्या हिशेबानं करा.

पुली फिरली म्हणून लगेच पेट्रोल टाकून चालू करू नका. जुनं पेट्रोल उडून टाकीत अन् कार्बोरेटरमंदी डिंकासारखा थर बसते, वास वार्निशसारखा येते. टाकी खाली उतरवून धुवा, पाइप सगळे नवे. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल आहे, ते जुन्या रबराला सोसत नाही. टायमिंग बेल्ट न पाहता बदला, दिसायला चांगला असला तरी.

अन् इंजिनाच्या आधी ब्रेक करा. लोक उलटं करतात. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेते, व्हील सिलिंडर आतून गंजते. हँडब्रेक लावून उभी केली असंल तर मागचे लायनर ड्रमला चिकटले असतील. माझ्याकडचा एक पोट्टा अशीच उठवलेली गाडी फाटकाबाहेर घेऊन गेला अन् पॅडल बुडाला टेकलं. समोर रस्ता खाली होता म्हणून वाचला. तो दिवस मी इसरलो नाही.

महाल

आमच्या वाड्याच्या मागच्या पडवीत मामांची प्रीमियर पद्मिनी होती, १९८४ ची. मी ती २०१९ मध्ये घेतली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगपाशीच गिअरचा दांडा. लहानपणी त्या दांड्याशी खेळत असू. सगळे म्हणाले, इंजिनचं बघ. मी इंजिनचंच पाहिलं. ते तर अकरा हजारात सुरू झालं, आजही एका सेलमध्ये लागतं.

मी पत्रा पाहिला नाही. पडवीची कौलं तीन ठिकाणी फुटलेली होती आणि किती पावसाळे ते पाणी गाडीच्या छतावरून, काचेच्या रबराखालून आत झिरपत राहिलं कोण जाणे. डेंटरनं मॅटिंग ओढलं तेव्हा ते फ्लोअरसकट वर आलं. ड्रायव्हरच्या पायाखालून मला पडवीची फरशी दिसली. दाराखालच्या पट्ट्या वरून चकचकीत होत्या. स्क्रूड्रायव्हर टेकवला तर आत गेला. नुसती लांबी, म्हणजे पुट्टी भरून रंग मारलेला. पत्र्याच्या कामाला शहात्तर हजार लागले आणि दारांची रबरं, बीडिंग शोधण्यात दीड वर्ष.

शेजारच्या मुलानं सांगितलं होतं की व्हिंटेज नोंदणी होईल. २०२१ च्या नियमाप्रमाणे त्याला पन्नास वर्षं पूर्ण व्हावी लागतात. मला अजून बरीच वाट पाहायची आहे.

ताई, एक लोहचुंबक कापडात गुंडाळून न्या. चाकांच्या कमानी, दाराखालची पट्टी, डिकीचा तळ, जॅक लावायची जागा, सगळीकडे लावा. जिथे चिकटत नाही, तिथे पत्रा नाही. नागपूरची हवा कोरडी, मुंबई-कोकणापेक्षा इथली गाडी नक्की बरी राहते. पण वर छप्पर धड होतं का, हे आधी विचारा.

अंबाझरी लेआउट

मी विकणारा आहे, म्हणून लिहितो. २२-२३ सप्टेंबर २०२३ च्या रात्री अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं, तेव्हा आमची गाडी खालच्या पार्किंगमध्ये होती. पहाटे चारला मी जिन्यावरून पाहिलं, फक्त छत दिसत होतं. इन्शुरन्सचं जे व्हायचं ते झालं. गाडी त्यानंतर वर्षभर झाकून ठेवली. घ्यायला जे आले, त्यातल्या दोघांनी तर पुराचं विचारलंच नाही. मी स्वतःहून सांगितलं. तसं सांगणारा प्रत्येक वेळी भेटेलच असं नाही.

त्या भागातून कुणी "फार चालली नाही, नुसती उभी आहे" म्हणून नवी गाडी दाखवत असेल तर सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातीचा डाग राहतो, तो कुणी धूत नाही. सीटखालच्या लोखंडी पट्ट्या पाहा, हेडलाइटच्या आत पाहा. नव्या गाडीत सीटखाली, डॅशखाली इलेक्ट्रॉनिक डबे असतात आणि त्यांच्या पिना आत हिरव्या पडत जातात. आज चालू झाली तरी चार महिन्यांनी रस्त्यात बंद पडते. कार्बोरेटरची जुनी ८०० या बाबतीत बरी, तिच्यात असं काही नाही.

हिंगणा रोड

उंदीर. एअर फिल्टरचा डबा उघडून बघा. आमच्या गाडीत पातळाच्या चिंध्या, शेंगांची टरफलं आणि संत्र्याची वाळलेली सालं निघाली होती. वायरिंग आठ ठिकाणी कुरतडलेलं. सगळं नवं टाकलं तेव्हाच झोप लागली.

धंतोली

मी आरटीओची कामं करणाऱ्या वकिलांकडे नोकरीला आहे, आणि माझी स्वतःची फसगत कागदात झाली. गाडी उत्तम होती, पैसे देऊन टोचन करून घरी आणली. मग कळलं की आरसीवर बँकेचं नाव अजून तसंच आहे. कर्ज २००६ मध्ये फिटलेलं, पण मूळ मालकानं नाव उतरवलंच नव्हतं. ती शाखा बंद, बँक दुसऱ्या बँकेत विलीन, जुनं खातं कुणाला सापडेना. बँकेचं नाव उतरवायच्या फॉर्म ३५ वर सही आणि एनओसी मिळायला चौदा महिने गेले. तेवढे दिवस गाडी माझ्या दारात, पण माझी नाही.

तुमच्याकडे मालक वारलेले आहेत. म्हणजे काकांच्या नावावरून थेट तुमच्या नावावर होणार नाही. आधी फॉर्म ३१ नं काकूंच्या नावावर, त्याला मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती. मग फॉर्म २९ आणि ३० नं तुमच्या नावावर. काकू पुण्याला जायच्या आधी हे उरकून घ्या, नंतर एकेका सहीसाठी खेटे पडतात.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. मुदत संपली असेल तर फॉर्म २५, पर्यावरण कर, उशिराचा दंड, आणि गाडी तपासणीला हजर करावी लागते. १ एप्रिल २०२२ ला नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाडीला १०,०००. एचएसआरपी, म्हणजे सरकारी सुरक्षा नंबरपाटीही लागेल. हे सगळं गाडीच्या किमतीत धरा. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी स्वतः ताडून पाहा, फोटोवर जाऊ नका. परिवहनच्या ॲपवर नंबर टाकला की बोजा आणि चालान दिसतं.

मानेवाडा

मी घेतली नाही. बाबांच्या मित्राची अॅम्बेसेडर होती, नऊ वर्षं उभी. मी एकच प्रश्न विचारला, "उभी का केली?" ते म्हणाले, "सहज." दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांच्या घरच्या काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "गरम व्हायची ना ती, दोनदा वर्धेच्या रस्त्यावर धूर निघाला." म्हणजे बंद पडली म्हणून उभी केली होती. चालती गाडी कुणी आजारपणामुळे, बदलीमुळे उभी केली, तर ती वेगळी गोष्ट. तुमच्या काकांनी शेवटी कधी आणि कुठे नेली होती, ते काकूंना विचारा. घरातल्या बायकांना हे नेमकं आठवतं.

प्रतापनगर, पुन्हा मी

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन रविवार गेले, आता सांगते.

काकूंना विचारलं. काका शेवटचे गाडी घेऊन रामटेकला गेले होते, दोघंच. वाटेत काही झालं नाही. परत आल्यावर आठ दिवसांत दवाखाना सुरू झाला.

कामठी रोडच्या दादांनी सांगितलं तसं पहिल्या रविवारी प्लग काढून ऑइल सोडलं. तिसरा प्लग निघेना, तर माझ्या भावानं तासभर घालवला पण जोर केला नाही. काल पुलीला पाना लावला. आधी दगडासारखी. मग कर्र आवाज झाला आणि इंचभर सरकली. थांबलो, परत ऑइल सोडलं. संध्याकाळी पूर्ण दोन फेरे फिरली. काकू खुर्ची टाकून बाजूलाच बसल्या होत्या.

चुंबक सगळीकडे चिकटलं, फक्त मागच्या डाव्या चाकाच्या कमानीवर तळहाताएवढ्या जागेत नाही. मॅटिंग उचललं तर खाली काकांनी वर्तमानपत्रं पसरलेली होती, कोरडी ठणठणीत. डिपस्टिकचं ऑइल काळं आहे, दुधाळ नाही. एअर फिल्टरमध्ये उंदराचं घर आहेच.

आरसीची मुदत २०१७ ला संपलेली. बोजा नाही. धंतोलीच्या दादांच्या हिशेबानं कागदाचा खर्च गाडीच्या किमतीच्या वर जातोय, ब्रेक, टायर, वायरिंग वेगळं. एकूण साठ-पासष्ट हजार धरले आहेत. नवऱ्याला आकडा दाखवला. तो म्हणाला, "एवढ्यात चालू सेकंडहँड येते." ते खरं आहे, आणि तरी मी घेते आहे.

पैसे मात्र सह्या झाल्यावरच, हे काकूंनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, तसंच कर. मुलगा शनिवारी येतोय. मुलगी नाशिकला असते, तिची संमती टपालानं येईल. तोवर गाडी पोर्चमध्येच राहील. मागच्या ब्रेकचे व्हील सिलिंडर नागपुरात चांगले कुठे मिळतात, तेवढं कुणी सांगा.