फ्रँक ओ'कॉनर: इंजिन वर काढायचं की तळाशीच राहू द्यायचं?

मिलवॉकीकर:
अमेरिकेत काना आयलंडच्या दीपगृहासमोर, मिशिगन सरोवरात जेमतेम 65 फूट खोल पाण्यात फ्रँक ओ'कॉनर ही बुडालेली आगबोट पडलीये. लाकडी, 301 फूट लांब, 1892 ची. 2 ऑक्टोबर 1919 ला बफेलोहून मिलवॉकीला 3000 टन कोळसा आणताना नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून, आग लागली, कप्तानाने बोट किनाऱ्याकडे वळवली पण दोनेक मैल उरले असताना सुकाणूच निकामी झालं, शेवटी बोट सोडावी लागली. माणसं सगळी वाचली. इंजिन अजून तळाशी उभंय म्हणे, पण बाहेरून सरोवरात आलेल्या क्वागा जातीच्या शिंपल्यांनी सगळं झाकत चाललंय. ते तरी वर काढा ना! माझी आई 74 ची आहे, तिने काय आता स्कूबा शिकायचं?

डुबकी_मालवण:
अजिबात नको. तिथूनच जवळ त्याच सरोवराच्या ग्रीन बे या खाडीमधून 1969 मध्ये अ‍ॅल्विन क्लार्क नावाची शिडाची बोट अख्खी वर काढली होती. जवळपास शंभर वर्षं पाण्यात धड होती, वर आल्यावर पंचवीस वर्षांत कुजली, 1994 मध्ये मोडून टाकावी लागली.

मिलवॉकीकर:
अहो ते लाकूड होतं, मी इंजिनाबद्दल बोलतोय.

डुबकी_मालवण:
लोखंडावरही वर्षानुवर्षं प्रक्रिया करावी लागते, तो खर्च कोण करणार? आणि वरचा भाग आगीतच गेला, आता तळ, बॉयलर आणि इंजिन एवढंच उरलंय, त्यातलं इंजिन काढलं तर मागे राहतील नुसत्या फळ्या. तिथे आता बोटी बांधायला तरंगता बोया ठेवलाय, बघायला येणाऱ्या बोटींचे नांगर अवशेषांवर पडू नयेत म्हणून. एवढं जपलेलं आपणच उचकटायचं?

रत्नागिरीचा_सुतार:
आमच्या घरात होड्या दुरुस्त करायचे. होडी उन्हात जास्त दिवस राहिली की फळ्या आकसतात, सांध्यांतला कापूस सुटतो. पाण्यात मुरलेलं लाकूड पाण्यातच राहू दे. त्यात ते गोडं थंड पाणी, लाकूड पोखरणारा खाऱ्या पाण्यातला किडा तिथे नाही. पण शिंपल्यांचं मिलवॉकीकर म्हणतात ते खरंय, त्यांचं वजन लाकडावर येतंच.

मिलवॉकीकर:
मग निदान दरवर्षी फोटो काढून अख्ख्या बोटीचं थ्रीडी मॉडेल करा आणि दीपगृहापाशी मोठ्या पडद्यावर दाखवा. शिंपले पाणी गाळतात, त्यामुळे ते नितळ झालंय, तेवढा फायदा तरी घ्या. इंजिनाचा हट्ट मी अजून सोडलेला नाही.

डुबकी_मालवण:
मॉडेलला माझा पूर्ण पाठिंबा. इंजिनाला नाही.