इंग्लिश बिटर चाखताना गोंधळ, मदत हवी आहे

मंडळी, मामेभाऊ इंग्लंडहून एका छोट्या ब्रुअरीच्या बिटरच्या (कडवट इंग्लिश बिअरच्या) चार बाटल्या घेऊन मालवणात आलाय. पहिली फ्रीजमधून काढून बर्फगार प्यायलो, कडवटपणापलीकडे काही कळलंच नाही. मग समजलं, ही 10 ते 13 अंशांवर प्यायची. दुसरी जरा वेळ बाहेर ठेवली (मे महिन्यात आमच्याकडे तेवढ्यात चहा व्हायचा!), तेव्हा बिस्किटासारखा माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) आणि गोल्डिंग्ज जातीच्या हॉप्सचा (बिअरला कडवटपणा नि वास देणाऱ्या फुलांचा) मातकट, फुलांसारखा वास छान आला. पण शेवटी ओल्या पुठ्ठ्यासारखी चव रेंगाळली. उकाड्याने ऑक्सिडाइझ (म्हणजे ऑक्सिजनमुळे खराब) झाली असेल का? हिच्यात गॅस कमी असतो, ते ठाऊक आहे. उरलेल्या दोन कशा पारखू? आणि सोबत तळलेला बांगडा चालेल, की तिखटाने चव मरेल?