मुलीचं अब्लेशन यशस्वी झालंय, पण भीती जात नाहीये. अनुभव हवेत

मुलगी अकरा वर्षांची आहे. तिला एसव्हीटी होती, म्हणजे हृदयाचे ठोके अचानक खूप वेगाने पडायचे. बसल्या जागी ठोके एकदम मिनिटाला 220 च्या पुढे जायचे. हृदयात जन्मतःच विजेची एक जादा वाट होती, संदेश तिथूनच गोल गोल फिरत राहायचा. बीटा ब्लॉकरने (ठोके मंद करणाऱ्या गोळ्यांनी) ते आटोक्यात आलं, पण पोरगी दिवसभर मलूल. शेवटी मांडीच्या शिरेतून कॅथेटर (बारीक नळी) घालून ती वाट बंद केली, तेच अब्लेशन. आता ईसीजी आणि होल्टर (अंगावर यंत्र लावून दिवसभर ठोके नोंदवतात ती तपासणी) दोन्ही नॉर्मल, गोळ्या बंद, खेळायलाही परवानगी आहे.

माझा प्रश्न याच्या पुढचा आहे.

जिना चढून आली की तिची दोन बोटं गळ्याशी जातात. ओठ हलताना दिसतात, म्हणजे मोजणं चालू. एखादा ठोका चुकल्यासारखा वाटला तरी चेहरा उतरतो. असे सुटे जादा ठोके अब्लेशननंतर काही काळ जाणवू शकतात, हे डॉक्टरांनी तिलाच समोर बसवून सांगितलंय. धावल्यावर ठोके हळूहळू वाढतात आणि हळूहळू उतरतात. एसव्हीटी मात्र बटण दाबल्यासारखी सुरू व्हायची आणि तशीच थांबायची. हा फरक तिला तोंडपाठ आहे. पण काही मुलांना त्रास पुन्हा होतो, हेही तिने ऐकलंय (नको ते बरोबर ऐकू येतं!), आणि तेच मनात बसलंय.

फॉलोअपला पेड्सक्यूएल नावाची 23 प्रश्नांची प्रश्नावली दिली होती, मुलाचं रोजचं जगणं कसं चाललंय ते विचारणारी. मुलाने वेगळी भरायची, पालकांनी वेगळी. 'धावायला अवघड जातं' यापुढे मी 'बऱ्याचदा' लिहिलं, तिने 'कधीच नाही'. 'भीती वाटते' यापुढे मी 'कधीकधी', तिने 'जवळजवळ नेहमी'. आम्ही दम बघत बसलो होतो आणि दुखणं भलतीकडेच होतं.

तिच्या मनगटावर ठोके दाखवणारं घड्याळ आहे. ते काढून ठेवावं का? की त्याने धास्ती आणखी वाढेल? मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे कुणी गेलं होतं का, आणि तिथे नेमकं काय करून घेतात? शाळेचंही सांगा. पीटीचे सर काळजीपोटी तिला कडेला बसवतात. डॉक्टरांची चिठ्ठी देऊन तुमच्याकडे फरक पडला का?

लहानपणी स्वतः यातून गेलेलं कुणी असेल तर जरूर लिहा. आईबापांनी काय केलेलं तेव्हा नकोसं वाटायचं, तेही सांगा. घरगुती उपाय कृपया सुचवू नका.