परभणी क्रांतीवर हळद्या: बी बिघडलं का?

बांधावरचा (जिंतूर): परभणी क्रांती भेंडीचं बी आम्ही बाबांच्या वेळेपासून घरीच राखतो. शेजारच्या वावरात हळद्या रोग आला तरी आपली भेंडी हिरवीगार, असं बाबा सांगायचे. यंदा पहिल्या तोड्याआधीच पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या, भेंड्या पांढुरक्या आणि राठ. व्यापारी हात लावत नाही. बी जुनं झालं का? बदलू?

भाजीमळा: सोडा दादा, संकरित पाकीट आणा. आमच्याकडे एकही झाड पिवळं नाही.

प्रक्षेत्रावरचे काका: बी जुनं झालं तर उगवण घटते, प्रतिकारशक्ती नाही. हळद्या विषाणूमुळे होतो, आणि तो विषाणू पांढरी माशी आणते. या रोगाची मुंबई इलाख्यातली नोंद 1924 ची आहे, म्हणजे पाहुणा नवा नाही.

आधी पुसा सावनी ही भेंडीची जात आली. काही वर्षं टिकली, मग तीही पिवळी पडायला लागली. लागवडीच्या भेंडीत पुरेशी प्रतिकारशक्ती सापडेना, तेव्हा परभणीच्या कृषी विद्यापीठात जांभळे आणि नेरकर या संशोधकांनी पुसा सावनीचा संकर रानभेंडीशी केला. तिला लव फार, भाजीला कोण विचारतं! पहिल्या पिढीतल्या झाडांना बी पुरतं धरेना. पुन्हापुन्हा पुसा सावनीशी संकर करत, रोगाच्या माऱ्यात हिरवी राहिलेली झाडं निवडत परभणी क्रांती उभी राहिली. बेंगळुरूची अर्का अनामिका ही जातही रानटी नात्यातूनच आली.

पण सगळ्या शिवारात एकाच रानटी वाणातून आलेली प्रतिकारशक्ती पेरली की विषाणूला तेवढंच ओलांडायचं असतं. एकाच झाडात दोन प्रकारचे विषाणू शिरले तर त्यांच्या जनुकांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन नवा प्रकार निघतो. तुमच्या बाबांच्या वेळचा विषाणू आज तसाच राहिलेला नाही.

भाजीमळा, पाकिटावर ‘रोगमुक्त’ छापलेलं बघून मला हसू येतं. त्यातली ताकदही अशीच कुठल्यातरी मोजक्या वाणांतून आलेली. आज चालतंय तोवर लावा, माझी ना नाही.

बांधावरचा: मग घरचं बी टाकून देऊ का काका?

प्रक्षेत्रावरचे काका: अजिबात नको. विद्यापीठाचं ताजं बी आणून शेजारी दोन ओळी लावा, फरक कळेल. भेंडीत मधमाश्या परागकण इकडचे तिकडे करतात, जवळ संकरित असेल तर तुमचं बी मिसळलेलंही असेल. बियांसाठी धरलेल्या झाडावर उद्या उमलणाऱ्या कळीचं टोक आज संध्याकाळी दोऱ्यानं बांधा, म्हणजे बाहेरचे परागकण शिरणार नाहीत. पिवळी झाडं दिसताच उपटा, भोवती मक्याच्या दाट ओळी घ्या, पिवळे चिकट सापळे लावा.

बांधावरचा: विहिरीकडच्या कडेला काही झाडं अजून हिरवी आहेत. तीच धरतो.

प्रक्षेत्रावरचे काका: कडेची नुसत्या नशिबानं वाचलेली असू शकतात, माशी तिथं पोचलीच नसेल. चारी बाजूंनी पिवळी आणि मधलं एकच हिरवं, असं झाड शोधा.